१३ दिवस आणि ११ दिवस : डॉक्टर मातांच्या रजेचा भारतीय इतिहास

२० फेब्रुवारी १८८८ रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिलेल्या एका पत्रात कलकत्त्यातील एका तरुण स्त्री-डॉक्टरचा उल्लेख येतो. या बाईंची काही माहिती मिळेल का, अशी पृच्छा करताना नाइटिंगेल नोंदवतात की, विवाहानंतर तिने वैद्यकाची परीक्षा दिली, दरम्यान तिला एक, कदाचित दोन अपत्येही झाली. परंतु बाळंतपणासाठी ती अवघे १३ दिवस गैरहजर राहिली आणि बहुधा एकही व्याख्यान तिने चुकवले नाही. पत्रातील या मजकुरापुढे उद्गारचिन्हे आहेत. जिच्याविषयी हे लिहिले गेले ती स्त्री म्हणजे कादंबिनी गांगुली.

आता १२९ वर्षे पुढे येऊ. जून २०१७, दिल्ली. एका सरकारी स्वायत्त रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात कंत्राटी सीनियर रेसिडेंट असलेल्या एका डॉक्टरने १ जूनपासून प्रसूती रजा मागितली. तिच्या कंत्राटाची कमाल तीन वर्षांची मुदत ११ जूनला संपत होती. प्रशासनाने दिवस मोजले आणि प्रसूती रजेचा लाभ ११ दिवसांपुरताच मिळेल असे कळवले. दोनच महिन्यांपूर्वी, १ एप्रिल २०१७ रोजी, देशातील प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेणारी कायदादुरुस्ती अमलात आली होती.

कादंबिनींचे १३ दिवस हे कौतुकाचे कारण ठरले. दिल्लीतील ११ दिवस हे न्यायालयीन वादाचे. मधल्या सव्वाशे वर्षांत गिरणी कामगार, खाणकामगार, कारकून, शिक्षिका अशा अनेक स्त्रियांसाठी नियम झाले. बाळंतिणीला विश्रांती का हवी, हे समाजाला शास्त्राच्या आधारे समजावून सांगणारा वैद्यकीय व्यवसाय मात्र स्वतःच्या स्त्रियांच्या बाबतीत सर्वांच्या मागून चालत राहिला. याची कारणे या व्यवसायाच्या रचनेतच सापडतात.

आरंभीच्या पिढीत धोरण नावाची वस्तूच नव्हती. होते ते घर. कादंबिनी १८८३ साली चंद्रमुखी बसू यांच्यासह पदवीधर झाल्या, त्याच वर्षी समाजसुधारक द्वारकानाथ गांगुली यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि कलकत्ता मेडिकल कॉलेजचे दार त्यांच्यासाठी उघडले. १८८६ साली त्या पदविका घेऊन बाहेर पडल्या. १८९३ मध्ये मुलांना घरच्यांच्या स्वाधीन करून त्या ब्रिटनला गेल्या आणि स्कॉटलंडमधील वैद्यकीय संस्थांची तिहेरी पदविका घेऊन परतल्या. आठ मुलांचा संसार आणि रात्री-अपरात्री रुग्णांकडे जाणे हे दोन्ही त्यांनी सांभाळले, त्याची किंमतही चुकवली. १८९१ साली ‘बंगबासी’ या नियतकालिकाने त्यांच्या चारित्र्यावर आडून शिंतोडे उडवले. गांगुली दांपत्याने खटला भरला आणि संपादक महेशचंद्र पाल यांना १०० रुपये दंड व सहा महिन्यांचा कारावास झाला. मूल असलेल्या स्त्रीने रात्री घराबाहेर पडून रोगी तपासणे हा त्या काळी केवळ सोयीचा नव्हे, तर अब्रूचा प्रश्न होता.

त्या काळातील इतर स्त्री-डॉक्टरांची चरित्रे पाहिली तर घर आणि वैद्यक यांचा मेळ किती जणींना लाभला, हे ध्यानात येते. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मूल झाले व ते दहा दिवसांत गेले. वैद्यक शिकण्याची ओढ त्या मृत्यूतून जन्मली. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाहून पदवी घेऊन त्या परतल्या आणि व्यवसाय सुरू होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. रखमाबाईंनी बालपणी लादलेला विवाह नाकारला, लंडनला शिक्षण घेतले आणि सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली. पण संसार केला नाही. मद्रासच्या मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९१४ साली डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी विवाह करताना आपल्याला बरोबरीने वागवले जावे व आपल्या कार्यात आडकाठी येऊ नये, अशी अट आधीच घातली होती. त्यांना दोन मुलगे झाले, त्या विधान परिषदेतही गेल्या. मातृत्व व व्यवसाय एकत्र नांदावेत यासाठी त्या काळी एवढाच मार्ग उपलब्ध होता: पती समजूतदार असणे. तो नसेल तर दुसरे काही नव्हते.

हा घरगुती तोडगा आजही संपलेला नाही. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी डॉक्टर दांपत्याचे खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड असे दुमजली घर सहज दिसते. बाळ रडले तर आई जिना चढून जाते, रुग्ण आला तर उतरून येते. या व्यवस्थेने अनेक स्त्री-डॉक्टरांना व्यवसायात टिकवून ठेवले आहे. पण तिच्यात रजा नाही, भरपगारी विश्रांती नाही आणि ती कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा २०२५ पर्यंत दुकाने व आस्थापनांना लागू होता तो दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तेव्हा. आणि स्वतःच मालक असलेल्या डॉक्टरला तर तो लागूच नव्हता.

कायद्याचा उगम रुग्णालयात झाला नाही, कापडगिरणीत झाला. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीविषयक करार संमत केला आणि भारत सरकारला या प्रश्नाचा अभ्यास करण्यास सुचवले. त्यानंतर मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरकडे गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी सोपवली. त्यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. बंगालमध्ये हेच काम डॉ. डॅगमार कर्जेल यांनी केले. प्रसूतीच्या किती दिवस आधीपर्यंत स्त्रिया यंत्रावर उभ्या असतात, बाळंतपणानंतर किती लवकर परततात, मागे राहिलेल्या बाळाचे काय होते, या गोष्टी या डॉक्टरांनी चाळीत आणि गिरणीत जाऊन पाहिल्या. आई कामावर असताना बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई. मुंबईत ती ‘बाळगोळी’ या लाडिक नावाने ओळखली जात असे.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधान परिषदेत प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांच्या युक्तिवादातील एक भाग आज मुद्दाम वाचण्यासारखा आहे. प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून तिचा भार प्रामुख्याने सरकारने उचलला पाहिजे. परंतु मालकालाही त्या स्त्रीच्या श्रमातून लाभ होत असल्याने त्यानेही आपला वाटा द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. भारतातील तो या प्रकारचा पहिला. १९४१ मध्ये खाणींसाठी, १९६१ मध्ये देशव्यापी असे पुढचे टप्पे आले. खर्च सरकारने उचलावा हा आंबेडकरांचा मुद्दा तेवढा मागे पडला. १९६१ च्या कायद्यात आणि २०१७ च्या दुरुस्तीतही रजेच्या काळातील वेतनाचा सगळा बोजा मालकावर होता. खासगी रुग्णालयाला तरुण स्त्री-डॉक्टरची नेमणूक करताना मनात जो हिशेब सुचतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांच्या स्वतःच्या बाळंतपणाकडे कोणी पाहिले नाही. ज्या सरकारी सेवेत कायम झाल्या त्यांना यथावकाश सरकारी रजेचे नियम लागू झाले. केंद्राच्या सेवेत प्रसूती रजा ९० दिवसांवरून १९९७ मध्ये १३५ दिवसांवर आली, सहाव्या वेतन आयोगानंतर सप्टेंबर २००८ पासून १८० दिवसांवर गेली आणि मुले १८ वर्षांची होईपर्यंत संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजाही मिळू लागली. १८० दिवस म्हणजे जवळजवळ २६ आठवडे, सहा महिने. बाळाला पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आणि हा आकडा यांचा मेळ उघड आहे.

पण डॉक्टर कायम नेमणुकीपर्यंत पोहोचते केव्हा? अठराव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, पदव्युत्तर प्रवेशाची तयारी, एमडी किंवा एमएसची तीन वर्षे, त्यानंतर सीनियर रेसिडेन्सी. एकही वर्ष वाया गेले नाही तरी तिशी उजाडते. म्हणजे मूल होण्याला शरीरशास्त्राने सर्वात अनुकूल मानलेला काळ आणि डॉक्टरच्या आयुष्यातील सर्वात अस्थिर, सर्वात कष्टाचा काळ हे एकावर एक पडतात. नीट परीक्षेला बसणाऱ्यांत आता मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक असते. तेव्हा हा काही मूठभर स्त्रियांचा प्रश्न राहिलेला नाही.

या काळात ती ‘निवासी डॉक्टर’ असते. हा शब्दच मुळात रुग्णालयात वास्तव्य करणाऱ्या, म्हणजे बाहेर संसार नसलेल्या तरुणासाठी बनला आहे. कायद्याच्या दृष्टीने तिचे स्थान दुहेरी. तिला विद्यावेतन मिळते, ती रुग्ण तपासते, रात्रपाळी करते, आणीबाणीत शस्त्रक्रियेला उभी राहते. तेव्हा ती कर्मचारी असते. रजेचा विषय निघाला की ती विद्यार्थिनी ठरते आणि हजेरीचा नियम पुढे येतो. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेने सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावे आणि आठवड्याला ४८ तास असावे, असे सांगून ठेवले होते. २०२४ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने शिफारस केली ती आठवड्याला कमाल ७४ तासांची. बत्तीस वर्षांनी शिफारशीतला आकडा कमी होण्याऐवजी वाढला, यावरून प्रत्यक्ष किती तास काम होत असावे याचा अंदाज बांधता येतो.

दिल्लीच्या त्या डॉक्टरची लढाई या संदर्भात पाहिली पाहिजे. तिने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ती फेटाळली गेली. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तोच निर्णय कायम केला. दोन्ही ठिकाणचा तर्क साधा होता: नोकरीच ११ जूनला संपली, तर त्यानंतरची रजा कशातून देणार? वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. नसलेल्या नोकरीतून रजा घेता येत नाही.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा तर्क अमान्य केला. न्यायालयाने कायद्यातील शब्दांकडे बोट दाखवले. १९६१ च्या कायद्यातील लाभ मिळण्याची अट एकच आहे: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असणे. ही अट पूर्ण झाली की लाभाचा हक्क निर्माण होतो, आणि तो कंत्राटाच्या अखेरच्या तारखेशी बांधलेला नाही. गरोदरपणात कामावरून काढले तरी प्रसूती लाभ हिरावता येत नाही, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. मग मुदत संपल्याने नोकरी गेलेल्या स्त्रीला तो का नाकारावा? शिवाय हा कायदा त्याच्याशी विसंगत असलेल्या कोणत्याही करारावर मात करतो, हेही कलम २७ मध्ये लिहिलेले आहेच. न्यायालयाने पूर्ण लाभाची रक्कम तीन महिन्यांत देण्याचा आदेश दिला. निकाल लागेपर्यंत सहा वर्षे उलटली होती. पैसे मिळू शकत होते; बाळाजवळ राहण्याचे ते दिवस परत येणार नव्हते.

रुग्णालयांशी संबंधित असे आणखी दोन निकाल या सुमारास आले. ऑगस्ट २०२२ मध्ये चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील एका परिचारिकेला न्याय मिळाला. पतीच्या पहिल्या विवाहातील मुलांसाठी तिने बालसंगोपन रजा घेतली होती, म्हणून स्वतःच्या पहिल्या अपत्यासाठी तिला प्रसूती रजा नाकारण्यात आली होती. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्करी परिचर्या सेवेतील एका माजी अधिकारी स्त्रीला ६० लाख रुपये भरपाई मंजूर झाली. तिचा गुन्हा इतकाच की तिने विवाह केला. त्या कारणावरून १९८८ साली तिला सेवामुक्त केले गेले. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला होता, तिचा वाद मात्र त्यानंतरही जवळजवळ तीन दशके चालला.

निवासी डॉक्टरांसाठी स्पष्ट नियम डिसेंबर २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण विनियमांत आला. वर्षाला किमान २० दिवस पगारी नैमित्तिक रजा, कामाच्या निकडीला बाध न येता साप्ताहिक सुट्टी, विद्यार्थिनींना सरकारी नियमांनुसार प्रसूती रजा आणि विद्यार्थ्यांना पितृत्व रजा, अशी ती तरतूद आहे. ठरलेल्या मर्यादेपलीकडे जेवढे दिवस अनुपस्थिती होईल तेवढा अभ्यासक्रम लांबतो. शस्त्रक्रिया शिकायच्या तर त्या कराव्याच लागतात, हे खरे. पण सहा महिने मागे पडलेली विद्यार्थिनी आपल्या तुकडीपासून तुटते, परीक्षेची ठरलेली वेळ हुकली तर पुढची नेमणूकही लांबते.

त्याहून अवघड प्रश्न नियमांत कोठेच नाही. तीन निवासी डॉक्टरांच्या युनिटमधील एक रजेवर गेली की तिच्या जागी कोण येते? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. उरलेले दोघे तिच्या रात्रपाळ्या वाटून घेतात. दिवसाआड जागरण करणाऱ्या सहकाऱ्याच्या मनात कडवटपणा आला तर तो त्याच्या स्वभावाचा दोष म्हणता येणार नाही. मनुष्यबळाचा हिशेब करताना गर्भारपण नावाची गोष्ट गृहीतच धरलेली नसते. रजेचा हक्क कागदावर मिळतो, पण तो वापरला की सहकाऱ्यांचे देणे डोक्यावर चढते. काही जणी त्यामुळेच नवव्या महिन्यापर्यंत वॉर्डात उभ्या राहतात, आणि त्यांचे पुन्हा कौतुक होते. नाइटिंगेल यांच्या पत्रातील उद्गारचिन्हे अशी अजून टिकून आहेत.

कामाची जागा शरीराला जुळवून घेऊ शकते, याचे एक उदाहरण मात्र वैद्यकातच आहे, ते किरणोत्साराचे. क्ष-किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या व्यक्तीसाठी मात्रेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट असते. एखादीने गर्भारपण जाहीर केले की गर्भासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची मर्यादा पाळावी लागते. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानके याबाबत एक महत्त्वाची गोष्ट सांगतात: गर्भारपण हे स्त्रीला कामावरून दूर करण्याचे कारण होऊ शकत नाही, कामाची आखणी बदलणे ही संस्थेची जबाबदारी आहे. मोजता येणाऱ्या धोक्याबाबत हे तत्त्व मान्य झाले. सलग जागरण, तासन्‌तास उभे राहणे, रक्तस्रावाची आणीबाणी यांना मोजणारा बिल्ला अजून कोणी छातीवर लावलेला नाही.

याच्या नेमका उलट विचार २०२४ मध्ये दिसला. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्टमध्ये कर्तव्यावरील निवासी डॉक्टर स्त्रीची हत्या झाली. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने काढलेल्या सूचनांत, शक्य तेथे स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये, असेही म्हटले होते. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आक्षेप घेतला: संरक्षण देणे सरकारचे काम आहे, स्त्रियांना रात्रीच्या कामापासून दूर ठेवणे नव्हे. ज्या शहरात कादंबिनींच्या रात्रीच्या फेऱ्यांवरून त्यांच्या चारित्र्याची चर्चा झाली, त्याच शहरात हे घडले.

२०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा बंधनकारक केली. रुग्णालयासारख्या चोवीस तास चालणाऱ्या जागी ते संध्याकाळी बंद झाले, तर रात्रपाळीच्या आईला त्याचा उपयोग शून्य. चार वेळा जाण्याची मुभाही बाह्यरुग्ण विभागातील रांगेसमोर कितपत टिकते, हे तेथे काम करणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

वडिलांचा भाग थोडक्यात संपतो, कारण इतिहासच थोडा आहे. केंद्र सरकारच्या सेवेत १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. २०२३ च्या विनियमांनी निवासी डॉक्टर असलेल्या पित्यालाही ती सरकारी नियमांप्रमाणे देऊ केली. एकट्याने मूल वाढवणाऱ्या सरकारी कर्मचारी पुरुषाला २०१८ पासून बालसंगोपन रजाही मिळते. खासगी रुग्णालयातील डॉक्टर बापासाठी प्रसूती लाभ कायद्यात एका दिवसाचीही तरतूद नव्हती.